नाताळच्या मेळ्यात मांडी घालून

कार्डिफच्या उत्तरेकडे व्हिटचर्च नावाचे उपनगर आहे. तिथे डॉक्टर शशिधर खांबेटे यांचे घर होते. डॉक्टर भूलतज्ज्ञ. इस्पितळात त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. त्यांनी झोपवलेला माणूस वेळेवर जागा होई, आणि ते असेपर्यंत नाताळात ड्यूटी कोण करणार हा प्रश्न कोणाला पडत नसे. पहिल्या वर्षी ते भिडेखातर म्हणाले होते, "आमचा काही हा सण नाही, मी करतो." त्यानंतर त्यांना कोणी विचारलेच नाही, डिसेंबर आला की त्यांचे नाव आधीच लागलेले असे. त्यामुळे सगळे गाव घरात गोळा होई त्या दिवसांत खांबेट्यांच्या घरी त्यांची बायको सुप्रभा आणि मुलगी शिल्पा अशा दोघीच असत.

सुप्रभाताई १९७३ साली लग्न होऊन पुण्याहून आल्या. येताना त्यांनी व्हायोलिन आणले होते. पुण्यात त्या कीर्तनांना आणि गाण्याच्या बैठकांना साथ करत. मोठ्या नावाच्या नव्हत्या, पण ऐनवेळी निरोप आला तरी गायिकेला अडचणीत न आणणाऱ्या, म्हणून त्यांना बोलावणी भरपूर. कार्डिफमध्ये साथ कोणाला करायची? पहिली दोन-तीन वर्षे त्या एकट्याच वाजवत. मग शिल्पा झाली, मग व्हायोलिनची पेटी कपाटावर गेली आणि तिथेच राहिली.

नाताळच्या आधीच्या शनिवारी चर्चमागच्या हॉलमध्ये वस्तीतल्या लोकांचा मेळा भरे. शेजारच्या मिसेस प्रिचर्ड या मायलेकींना दर वर्षी ओढून नेत. लांब टेबलांवर केक, सँडविचेस आणि चहाचा मोठा पिंप असे. मिन्स पाय, म्हणजे सुक्या मेव्याच्या नाताळी करंज्या, करताना प्रिचर्डबाई सुप्रभाताईंसाठी चरबीऐवजी लोणी घालून वेगळ्या करत आणि त्या बशीला कोणाला हात लावू देत नसत. स्टेजच्या एका कोपऱ्यात येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा मांडलेला असे, त्यात एक मेंढपाळ, लाल सतरंजीवर गुडघे टेकलेले तीन राजे आणि एक कान तुटलेला उंट. आणि १९८५पासून स्टेजच्या मधोमध एमरिसचा बँड.

एमरिस मॉर्गन पूर्वी कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडल्यावर शाळेत केअरटेकर झाला. दुसऱ्या महायुद्धात कार्डिफजवळ छावणीला असलेला एक अमेरिकन शिपाई जाताना त्याच्या हातात बॅंजो ठेवून गेला, तेव्हापासून एमरिसला ब्लूग्रासचा नाद. हे अमेरिकेतल्या डोंगरी मुलखाचे संगीत. बॅंजो, मॅन्डोलिन, गिटार, माणसाएवढा डबल बेस आणि फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच. सगळ्यांना मिळून एकच मायक्रोफोन. ज्याची पाळी असेल त्याने पुढे यायचे, आपला तुकडा वाजवायचा आणि मागे सरून दुसऱ्याला जागा द्यायची. नाताळची गाणीही ही मंडळी त्याच ढंगाने वाजवत, आणि चर्चमध्ये गंभीरपणे गायली जाणारी गाणी इथे अशी पळत सुटत की म्हाताऱ्यांचे पायसुद्धा टेबलाखाली ताल धरत.

१९८५च्या मेळ्यात हा बँड पहिल्यांदा आला. मधेच त्यांचा फिडलवाला ग्लिन थांबला आणि पुढच्या गाण्यासाठी तारा वर चढवून वेगळ्या लावू लागला. सुप्रभाताई चहाच्या रांगेत होत्या. पहिली तार लागली, दुसरी लागली, आणि त्यांचा कप बशीत वाजला. सा-प-सा-प! त्यांनी आयुष्यभर लावली तीच जुळणी, हा लाल गालांचा माणूस वेल्समधल्या हॉलमध्ये लावत होता.

मध्यंतरात त्या तडक त्याच्याकडे गेल्या. एरवी दुकानात सुट्टे मागायलाही त्या संकोचत.

"माफ करा, पण ही तर आमची जुळणी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"तुम्ही वाजवता? हे घ्या मग, दाखवा," म्हणून ग्लिनने फिडल त्यांच्या हातात दिले.

सुप्रभाताईंनी वाद्य घेतले आणि, ज्यात विचार करण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेही नाही, ते केले. तिथेच चहाच्या पिंपाशेजारी, हॉलच्या फरशीवर बसल्या. मांडी घातली, उजवा पाय जरा पुढे काढला, फिडलची मान पावलावर टेकवली, दुसरे टोक छातीशी घेतले आणि दुर्गा रागाच्या चार ओळी वाजवल्या. बारा वर्षांनी चार माणसांपुढे वाजवत होत्या, बोटे अडखळत होती. पण लोक गोळा झाले. एमरिस कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ग्लिन, तुझी नोकरी धोक्यात आहे रे बाबा."

हसू उसळले. सुप्रभाताईही हसल्या. केकच्या टेबलापाशी उभी असलेली दहा वर्षांची शिल्पा तेवढी हसली नाही.

जानेवारीत शाळा सुरू झाली आणि चौथ्या दिवशी शिल्पा रडत घरी आली. वर्गातली काही मुले त्या दिवशी हॉलमध्ये होती. "तुझी आई पुंगी वाजवते ना? साप कुठे ठेवता? टोपलीत?" असे सुरू झाले होते. तिच्या बाकाजवळून जाताना कोणीतरी तोंडाने 'स्स्स' करी. ते उन्हाळ्यापर्यंत चालले. सुप्रभाताईंनी शाळेत जाऊन सांगते म्हटले तेव्हा शिल्पा आपल्या मोडक्या मराठीत ओरडली, "नको! तू येतो तर अजून करतील!" मग त्या गेल्या नाहीत. व्हायोलिन मात्र कपाटावरून खाली आले होते, ते काही परत वर गेले नाही. शिल्पा शाळेत असताना, दारे लावून, त्या रोज वाजवू लागल्या.

दोन वर्षांनी, १९८७च्या सप्टेंबरात, ग्लिन आपल्या लेकीकडे कायमचा कॅनडाला गेला. दुसऱ्याच आठवड्यात एमरिस दारात उभा.

"मिसेस खांबेटे, नाताळच्या मेळ्याला फिडल नसेल तर आम्ही म्हणजे मीठ नसलेला बटाटा. येणार का?"

सुप्रभाताईंनी त्याला चहा दिला, विचार करून सांगते म्हणाल्या, आणि तो गेल्यावर त्याचा रिकामा कप हातात घेऊन स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. पुन्हा चार वादकांत बसायला मिळेल ही आशा त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. ती अशी आपल्या पायांनी घरी चालत आली होती, आणि मधे बारा वर्षांची पोर उभी होती.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. डॉक्टर म्हणाले, "अगं, मग वाजव की! विचारायचं काय त्यात?"

शिल्पा ताटाकडे बघत होती. "माझा सगळा फ्रेंड्स येतो तिथे."

"तुला नको असेल तर नाही वाजवणार मी," सुप्रभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी ते मनापासून म्हटले होते.

डॉक्टरांनी तोंड उघडले तशी सुप्रभाताईंनी नजरेने त्यांना गप्प केले. शेवटी शिल्पा म्हणाली, "वाजव. पण खाली नाही बसायचं. स्टँडिंग. सगळे लोक वाजवतात तसा. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

शब्द दिला खरा. तो पाळणे किती अवघड आहे ते दुसऱ्या दिवशी कळले. उभे राहून वाजवायचे म्हणजे वाद्य हनुवटीने आणि खांद्याने धरायचे. मांडी घालून बसले की व्हायोलिन पाय आणि छाती यांच्यामध्ये पक्के बसते, डावा हात मोकळा राहतो आणि बोट तारेवरून हवे तिथवर घसरते. सुप्रभाताईंची सगळी विद्या त्या घसरण्यात होती. उभ्याने हात घसरवला की वाद्यही बरोबर घसरे. त्यांनी खांद्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवून पाहिला, उशीचा स्पंज कापून लावला. मान आखडली. डॉक्टरांनी मलम चोळून दिले आणि म्हणाले, "तीस वर्षांची सवय तीन महिन्यांत मोडायला निघालीस. मी पेशंटला असलं काही करू देणार नाही."

"मोडत नाहीये हो. नुसती बाजूला ठेवतेय."

एमरिसच्या स्वयंपाकघरात दर बुधवारी तालीम होई. तिथे शिल्पा नसे, म्हणून तिथे त्या खुशाल फरशीवर बसत. एमरिसचा कुत्रा त्यांच्या पायाशी येऊन बसे. तिथे वेगळीच पंचाईत होती. बॅंजो वाजे तोवर सुप्रभाताई त्याच्यामागून सावलीसारख्या जात, आणि त्यांची पाळी आली की मंडळी मागे सरत आणि त्या गांगरत. साथीला बसलेल्याने स्वतःहून पुढे जायचे नाही, गाणाऱ्याने मान हलवून 'हं, घ्या' म्हटले तरच घ्यायचे, आणि घेतले तरी थोडक्यात परत द्यायचे, अशी त्यांची शिकवण.

"मागे कोणाच्या जाताय?" एमरिस विचारी. "तुमच्या पाळीला पुढे कोणी नसतं, लव्ह. मोकळा रस्ता. हाका गाडी!"

डिसेंबरपर्यंत बसून सगळे जमू लागले. उभ्याने निम्मे जमले. त्या निम्म्यावर निभावून नेऊ, असे सुप्रभाताईंनी ठरवले.

मेळ्याच्या दिवशी दुपारी हॉल खच्चून भरला. डॉक्टर अर्थातच ड्यूटीवर होते. शिल्पा मैत्रिणींबरोबर तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि तिच्या मागच्या रांगेत शाळेतली मुले पाय पसरून बसली होती. सुप्रभाताईंनी हिरवी साडी नेसली होती, पदर खोचला होता, हनुवटीखाली स्पंज होता. त्या उभ्या राहिल्या. शिल्पाने मान हलवून 'ठीक आहे' अशी खूण केली.

पहिले गाणे निघाले. बॅंजो झाला, मॅन्डोलिन झाले, एमरिस मागे सरला आणि सुप्रभाताई मायक्रोफोनपुढे आल्या. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत स्वर वर न्यायचा होता; सवयीने हात घसरला, हनुवटीखालचा स्पंज निसटला, आणि व्हायोलिन खांद्यावरून सुटले. मॅन्डोलिन वाजवणाऱ्या पोस्टमनने झेप घेऊन ते अधांतरी झेलले. "वेल सेव्ह्ड!" असे कोणीतरी ओरडले. हशा पिकला. हशा प्रेमळच होता, पण सुप्रभाताईंचे कान तापले. एमरिसने बॅंजोवर गाणे सावरून कसेबसे संपवले.

टाळ्या चालू असताना तो त्यांच्या कानाशी म्हणाला, "खाली बसा. माझ्या स्वयंपाकघरात बसता तशा."

"नाही बसता येणार. लेकीला शब्द दिलाय."

"मग?"

"मग तुम्ही माझ्याशिवाय करा, एमरिस. आय ॲम सॉरी." आणि त्या पेटी ठेवली होती तिकडे गेल्या, वाकल्या, व्हायोलिन आत ठेवले. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून त्या पेटीच्या कड्या बारकाईने पाहत राहिल्या.

वर पाहिले तेव्हा शिल्पाची खुर्ची रिकामी होती.

पोर उठून गेली. उभे राहूनही आपण तिची शोभा केलीच. आता ती ह्या थंडीत एकटी घरी जाणार, की जाऊन बाथरूममध्ये रडणार? त्या दाराकडे निघाल्या आणि तेवढ्यात त्यांना मागून चर्चच्या धर्मगुरूंचा, व्हिकारचा, आवाज आला, "अरे, अरे, जपून हं, त्या मेंढपाळाला जपून!"

शिल्पा स्टेजच्या कोपऱ्यात होती. तिने एका राजाला काखोटीला मारून बाजूला ठेवले, दुसऱ्याला ठेवले, तिसऱ्याला उंटासकट सरकवले, आणि त्यांच्या गुडघ्यांखालची लाल सतरंजी ओढून काढली. ती फरफटत तिने स्टेजच्या मधोमध आणली. सगळा हॉल बघत होता. तिचा चेहरा सतरंजीइतकाच लाल झाला होता.

"आई, बस."

"अगं, पण तू—"

"बस ना! तू स्टँडिंग एकदम हॉरिबल वाजवतो."

सुप्रभाताई पेटी घेऊन आल्या आणि सतरंजीवर बसल्या. पेटी उघडली, बूट काढून मांडी घातली, पाय पुढे काढला, व्हायोलिनची मान पावलावर टेकवली. आणि मागच्या रांगेतून, लांबवून काढलेला, तो आवाज आला. स्स्स.

शिल्पाने वळून पाहिले. सुप्रभाताईंना वाटले, आता ही कोसळणार. ती कोसळली नाही. ती इंग्रजीत, मोठ्याने, शाळेतल्या मॉनिटरसारखी म्हणाली, "साप सापडत नाहीये, डॅरन. तुझ्या खुर्चीखाली बघतोस का?"

डॅरन नावाचा तो मुलगा नकळत खरेच खाली बघून बसला. त्याच्या शेजारी बसलेली त्याची आजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग नवीन अडचण. मायक्रोफोनचा स्टँड कमरेच्या खाली जाईना. एमरिसने खटपट केली, पोस्टमनने लाथ मारून पाहिली. शेवटी शिल्पाने मायक्रोफोनच काढून हातात घेतला आणि ती आईच्या समोर सतरंजीवर बसली. आता मायक्रोफोन एकच, म्हणजे बँडला त्याच्याजवळ जाणे भाग. पोस्टमनने गुडघे टेकले. एमरिसचे गुडघे खाणीत गेलेले, त्याच्यासाठी दुधाची क्रेट पालथी घातली गेली. डबल बेसवाला तेवढा उभा राहिला. "हा काही मांडी घालायचा नाही," असे वाद्यावर थाप मारत त्याने जाहीर केले.

गाणे सुरू झाले. बॅंजो, मॅन्डोलिन, पुन्हा बॅंजो. सुप्रभाताई मागे मागे सावलीसारख्या जात होत्या. मग एमरिसने क्रेटवरच अंग मागे घेतले, पोस्टमन गुडघ्यांवर मागे सरकला, आणि शिल्पाने मायक्रोफोन व्हायोलिनच्या अगदी जवळ आणला. आपली पोर मागच्या रांगेकडे आता बघतही नाही हे सुप्रभाताईंनी पाहिले, आणि काय झाले कोण जाणे, त्यांनी कोणी 'घ्या' म्हणण्याची वाट पाहिली नाही. डावा हात सुटला तो खालच्या 'सा'पासून वरच्या 'प'पर्यंत एका श्वासात घसरत गेला. हॉलमध्ये कोणीतरी 'ओ!' म्हटले. नाताळचे जुने गाणे होते, पण त्याच्या कडेकडेने दुर्गा डोकावत होता. त्यांचा तुकडा संपायला हवा होता तिथे तो संपला नाही. त्या आणखी एक फेरी गेल्या, आणखी एक. एमरिस ओरडला, "घेऊ द्या त्यांना, बारा-चौदा वर्षांची थकबाकी आहे!" आणि शिल्पा कोपर दुसऱ्या हाताने धरून, ओठ दाबून, मायक्रोफोन तसाच धरून बसली.

गाणे संपले तेव्हा सुप्रभाताईंना टाळ्यांआधी आपलाच श्वास ऐकू आला. तीन महिने छातीत अडकून बसलेला तो श्वास आता सुटला होता.

पुढे १९९६ साली एमरिसचा हात संधिवाताने धरला जाईपर्यंत त्या दर नाताळात त्या बँडमध्ये वाजवत राहिल्या. स्टँडही आखूड मिळाला. एका वर्षी डॉक्टरांनी चक्क रजा मागितली. इस्पितळात कोणाचा विश्वास बसेना. शिल्पाने स्वतः कधी वाद्य हातात घेतले नाही. तिला त्याची आवड नव्हती आणि सुप्रभाताईंनी लावूही पाहिली नाही.

पण त्या दिवशी अंधार पडता पडता दोघी पायी घरी निघाल्या तेव्हा हे पुढचे काही ठाऊक नव्हते. शिल्पाने पेटी घेतली होती आणि दुखणारा हात झटकत ती पुढे चालली होती. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली ती थांबली.

"आई, एक सांगू? रागवतो नाही ना?"

सुप्रभाताईही थांबल्या. "सांग."

"ते ब्राऊन सॉक्स. डॅडचा. तू पाय पुढे काढतो तर सगळ्यांना दिसत होता. आणि एक होल पण आहे."

सुप्रभाताईंनी खाली पाहिले. थंडी म्हणून घाईत डॉक्टरांचे जाडे लोकरी मोजे चढवले होते, ते त्यांच्या लक्षातही नव्हते. त्या हसू लागल्या. हसता हसता कुंपणाला टेकल्या. "अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

"आधी मला वाटला तू स्टँडिंग आहे. साडीत दिसत नाही." शिल्पाने पेटी दुसऱ्या हातात घेतली. "नेक्स्ट इयर दुसरा घाल हं. ब्लॅक. एकदम प्लेन."

"घालते बाई," सुप्रभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.